इ. स. १३५१ चा कलशलेख आणि पोप यांचें अनुमान

चिनी मातीच्या भांड्यांचा काल कशावरून ठरवावा, हा प्रश्न पोथ्या जमविणारांस परका वाटूं नये. पुष्पिकेंतील शक खरा मानावा, कीं नकलकारानें तो मूळ प्रतींतून जसाच्या तसा उतरला असें समजावें, या संशयांत आपण नेहमींच असतों. चीनकडेही हीच अडचण आहे. कांगशी बादशहाच्या कारकीर्दींत (१६६२–१७२२) घडलेल्या भांड्यांच्या बुडाशीं दोनशें वर्षांपूर्वींच्या चेंगहुआ बादशहाची नाममुद्रा पुष्कळदां आढळते. म्हणून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यांतील चौदाव्या शतकाच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरील जॉन अलेक्झांडर पोप यांचा १९५२ सालचा ग्रंथ आम्हीं मुद्दाम परीक्षणास घेतला आहे.

पोप यांचा सर्व भर दोन कलशांवर आहे. मुंबईस १८९२ मध्यें जन्मलेले संग्राहक सर पर्सिव्हल डेव्हिड यांनीं ते मिळविले. आतां ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. झीझेंग संवत्सर ११, चौथा महिना, म्हणजे इ. स. १३५१ मध्यें, झांग वेनजिन नामक भक्तानें कुटुंबाच्या कल्याणार्थ एक धूपपात्र व ही जोडी ताओपंथी देवालयास अर्पण केली, असा लेख त्यांच्या मानेवर आहे. हॉब्सन यांनीं १९२९ मध्यें तो प्रसिद्ध केला, तथापि त्याचें मोल बराच काळ कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. कलशांवरील नाग, फिनिक्स पक्षी, लाटा, कमळदळें हीं चित्रें पोप यांनीं तोपकापींतील भांड्यांशीं पट्ट्यापट्ट्यानें ताडून पाहिलीं आणि एक संबंध वर्ग चौदाव्या शतकांत बसविला.

लेख बनावट असेल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बनावटीस लाभाची आशा लागते. त्साओ झाओ यानें १३८८ च्या आपल्या ग्रंथांत निळ्या चित्रांचीं भांडीं ग्राम्य ठरविलीं होतीं, आणि पुढील रसिकांनीं मिंग काळचींच निळीं भांडीं नांवाजलीं. मोंगल अमदानींतील सन घालून कोणाचा लाभ होणार होता? शिवाय दात्याचें नांव, गांव व देवता हा तपशील ठराविक नाममुद्रेंत नसतो.

आमचा आक्षेप पोप यांवर नसून त्यांच्या मागून आलेल्या अनुमानावर आहे. कोरियाच्या किनाऱ्याजवळ १३२३ च्या सुमारास बुडालेलें सिनानचें जहाज १९७६ पासून वर काढण्यांत आलें. त्यांत सुमारें २०,००० भांडीं निघालीं, पण निळें-पांढरें एकही नाहीं. यावरून ही कला १३२३ नंतरच उदयास आली, असें कांहीं जण म्हणतात. आमच्या शास्त्रांत अनुपलब्धि प्रमाण होते ती योग्य असेल तरच. जेथें वस्तु असावयास हवी होती, तेथें ती न दिसली पाहिजे. तें जहाज जपानास चाललें होतें. निळ्या-पांढऱ्या भांड्यांचें मोठें गिऱ्हाईक पश्चिम आशियांत होतें. कोबाल्टही तिकडूनच येई. तेव्हां जपानच्या मालांत तीं नसणें हा पुरावा दुबळा होय. कलशांवरून इतकेंच सिद्ध होतें कीं, १३५१ पर्यंत हात पूर्ण बसला होता. आरंभ त्याच्या पूर्वींचा.

पोप यांनीं १९५६ मध्यें अर्देबिलच्या दर्ग्यांतील भांडीं प्रसिद्ध केलीं. त्यांवर शाह अब्बासाच्या १६११ च्या वक्फाची खूण कोरलेली आहे. तिनें त्यांची अलीकडची मर्यादा ठरते. आमच्या संग्राहकांनींही पुष्पिका उतरतांना केवळ शक घेऊन थांबूं नये. दाता, स्थळ व निमित्त हींही अक्षरशः उतरावींत.