आज्ञापत्रातील आरमार : निगेच्या खर्चाचा विचार

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्राची रचना अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. त्यातील आरमारप्रकरणाची चर्चा बहुधा सागरी सत्तेच्या अंगाने होते. परंतु हे प्रकरण नौकांच्या निगेवरील खर्चाचे विवेचन म्हणून वाचले असता त्याचे निराळे महत्त्व ध्यानात येते.

लाकडी जहाजाचा खर्च बांधणीबरोबर संपत नाही. खाऱ्या पाण्यातील किडा तळ पोखरतो, सांधे सुटतात, दोर कुजतात. पावसाळ्यात तर नौका किनाऱ्यास ओढून ठेवावीच लागते. आज्ञापत्रकार या खर्चाच्या मुळाशी जातो. गुराब मध्यम असावी. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी अवजड गुराब नको, हा त्याचा पहिला दंडक. आरमाराची नेमणूक मुलखाच्या निश्चित वसुलातून व्हावी, बंदराच्या अनिश्चित पैदास्तीतून नव्हे, हा दुसरा. कारण तसे झाल्यास व्यापारी नाडला जाऊन बंदरच बुडते. पावसाळी छावणी दरवर्षी एकाच बंदरात न करण्याची सूचनाही रयतेचा उपद्रव टाळण्यासाठीच आहे.

लाकडासंबंधीचा उतारा सर्वपरिचित आहे. सागवान परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबाफणसांस मात्र हात लावू नये. जीर्ण झाड घेणेच झाल्यास मालकास राजी करून व मोबदला देऊन घ्यावे. या उताऱ्यात केवळ दयाबुद्धी पाहणे अपुरे आहे. फुकट तोडलेले झाड सरकारी हिशेबात स्वस्त दिसते. त्याची किंमत रयत भरते. परक्याच्या माथी ढकललेला खर्च ही काटकसर नव्हे, हे येथील मर्म होय.

तथापि या विवेचनास एक मोठी मर्यादा आहे. ५ गुराबा व १५ गलबते असा सुभ्याचा आकार ग्रंथकार सांगतो. पण त्यांच्या वार्षिक दुरुस्तीस किती द्रव्य लागेल, हे सांगत नाही. नौका मोजल्या, निगा मोजली नाही. शिवाय हा ग्रंथ काय व्हावे ते सांगतो. प्रत्यक्षात काय घडले याचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही. अभ्यासकांनी ही मर्यादा विसरता कामा नये.

तरीही त्याने घालून दिलेला निकष किनाऱ्यापुरता नाही. सिंदफणेवरील माजलगाव धरणाचे दरवाजे आणि कालवे यांनाही बांधणीनंतर वर्षानुवर्षे निगा लागते. तेथील अंदाजपत्रक तपासतानाही हाच प्रश्न विचारावा लागेल : वाचलेला पैसा खरोखर वाचला, की तो कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याकडून वसूल झाला?