चांदण्यातली रिकामी जागा कुणी केली?

निसर्गचित्रांवरच्या संशोधन-आराखड्यात एक वाक्य हमखास येतं: 'चित्राचा भाव गूढ आहे.' गाइड लगेच विचारतात, कशावरून? प्रश्न रास्त आहे. भाव चित्रात नेमका कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

अर्खीप कुइंझीचं 'नीपरवरची चांदणी रात्र' (१८८०) घ्या. पीटर्सबर्गमध्ये हे एकच चित्र त्याने अंधारलेल्या दालनात, दिव्याच्या उजेडात मांडलं. मागे दिवा लपवलाय की काय, असं लोकांना वाटायचं. पण यात खरी उजळ जागा किती? चंद्र, ढगांच्या कडा आणि नदीचा हिरवट पट्टा. बाकी सगळा काळोख. क्षितिज खाली ठेवल्यामुळे आकाश अंगावर येतं. तरी माझ्या मते चित्र तोलून धरलंय ते काठावरच्या झोपडीतल्या बारीकशा तांबूस उजेडाने. छापील प्रतीवर तो ठिपका बोटाने झाकून बघा. शांततेच्या जागी ओसाडपणा येतो. (मूळ रंग काळवंडलेत, म्हणजे १८८० च्या प्रेक्षकाला दिसलं तेच आपल्याला दिसत नाही. प्रबंधात हे नोंदवाच.)

राजा रविवर्म्याच्या चांदण्यातल्या स्त्रीच्या चित्रात (१८८९) हा पेच नाही. माणूस समोरच आहे, त्यामुळे भाव तिच्यापाशी जातो आणि निसर्ग साथ देतो.

आता मुळशी. पौर्णिमेच्या मुळशी जलाशयाची मी पाहिलेली बहुतेक चित्रं एका साच्यातली आहेत: खाली रुपेरी पाणी, मध्ये सह्याद्रीची काळी रांग, वर चंद्र. रचना जवळपास कुइंझीचीच, फक्त झोपडीतला दिवा नाही. आणि चित्राबद्दल लिहिलं जातं, 'निसर्गाची अथांग शांतता'. अहो, हे तळं निसर्गाने केलेलंच नाही! टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदी अडवायचं ठरलं. १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि तरीही गावं पाण्याखाली गेली. हे पाणी आजही घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज तयार करतं. चित्रात दिवा नाही, कारण दिवा लावणारी घरंच तिथून उठली.

चित्रकाराने धरण रंगवलंच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. त्याची चौकट, त्याची मर्जी. आक्षेप आहे तो त्या रिकामेपणाला नैसर्गिक समजून वर्णन करणाऱ्या समीक्षेवर. विषय घ्यायचा असेल तर अशी दहा चित्रं जमवा. प्रत्येकात क्षितिज किती उंचीवर आहे, उजळ भाग किती, माणसाने लावलेला उजेड आहे का, एवढं मोजा. मग काठावर जा, चित्रकार कुठे उभा राहिला असेल ती जागा नकाशावर टाका आणि तिथून धरणाची भिंत दिसते का ते बघा. दिसत असून चित्रात नसेल, तर तुमचं पहिलं प्रकरण तिथून सुरू होतं.