पहाडी आवाजाच्या शोधात मेटल

दापोडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका दुमजली घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे. आतून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, खाली जुनी सतरंजी आणि कोपऱ्यात ड्रमसेट. तो वाजवणारा मुलगा चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये पहिल्या शिफ्टला असतो. पहाटे कंपनीची बस पकडतो आणि संध्याकाळी सहाला इथं डबल पेडलवर बसतो. दोन्ही पाय एकाच बास ड्रमवर, डावा-उजवा, डावा-उजवा, इतक्या जलद की पायांकडे पाहिलं तर फक्त थरथर दिसते. पहिली दहा मिनिटं डावा पाय मागं पडतो. मग तो पेडलची स्प्रिंग अर्धा आटा सैल करतो, आणि दोन्ही ठोके सारखे पडू लागतात. गणपतीत हाच मुलगा पथकात ताशा वाजवतो. ताशाच्या काडीतली चपळाई पायात उतरवायला तीन वर्षं लागली, असं तो म्हणतो.

तो वाजवतो ते हेवी मेटल. हे संगीत कारखान्यांच्या गावाचंच आहे. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी झाला. त्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढं त्या सैल करून सूर खाली आणला. हेवी मेटलचा जडपणा त्या जखमी हातातून आला. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात प्रेसवर बोट गमावलेला माणूस ज्यानं जवळून पाहिलाय, त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

या घराण्यातली पॉवर मेटल ही शाखा मला आपल्या कानाला सगळ्यात जवळची वाटते. हॅम्बुर्गचा हेलोवीन हा बँड १९८४ मधला. १९८७ आणि १९८८ मध्ये ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चे दोन भाग आले आणि शाखेचा साचा ठरला: पळती लय, टिपेचा गळा, गिटारींची जुगलबंदी आणि सगळ्यांनी मिळून उचलायचं ध्रुपद. विषय शौर्याचे, दंतकथांचे. माणसं भांडून गेली, गिटारवादक काई हान्सेन गेला, गायक मायकेल किस्के गेला. दोघं परत आले आणि २०२१ चा अल्बम तीन गायकांनी मिळून गायला. क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियननं १९९८ मध्ये टॉल्किनच्या ‘सिल्मरिलियन’वर अख्खा अल्बम रचला.

आता पोवाडा आठवा. शाहिराचा पहाडी आवाज, मागं झीलकऱ्यांची ‘जी जी रं जी’, डफाची चढती लय, वीराची कथा. शाहीर अमर शेखांचा गळा ज्यांनी ऐकला त्यांना पॉवर मेटलचा गायक काय करतो हे समजावून सांगावं लागत नाही. अठराव्या शतकातल्या अमृतरायांचे कटाव तर अनुप्रासांच्या माऱ्यानं श्वास घेऊ देत नाहीत. डबल पेडलवर बसवावेत अशीच ती रचना आहे. एवढं भांडार घरात असताना महाराष्ट्रातलं मेटल दुसऱ्याच वाटेनं गेलं.

त्या वाटेवरचा सगळ्यात चिवट प्रवासी म्हणजे मुंबईचा डेमॉनिक रिझरेक्शन. त्याआधी १९८४ मध्ये निघालेला रॉक मशीन होता, जो पुढं इंडस क्रीड झाला. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरत होता. ती पिढी हार्ड रॉकची. साहिल माखिजा यांनी २००० मध्ये कॉलेजच्या वयात डेमॉनिक रिझरेक्शन सुरू केला तेव्हा इथं या संगीताला कंपनी नव्हती, ते ध्वनिमुद्रित करू जाणणारा माणूसही सहजी मिळत नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःच रेकॉर्डिंग शिकून घेतलं, ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ हे लेबल काढलं, महोत्सव भरवले, ‘हेडबँगर्स किचन’ नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम चालवला. बँड टिकला तो या एका माणसाच्या खपण्यावर. वादक बदलत राहिले, माखिजा राहिले.

शैली शुद्ध पॉवर मेटल नव्हे. डेथ आणि ब्लॅक मेटलची गुरगुर, वर कीबोर्डची झालर आणि ध्रुपदात मधूनच येणारा मोकळा, सुरेल गळा. त्या मोकळ्या गळ्यापाशी पॉवर मेटलशी नातं लागतं, आणि माझ्या मते या बँडचं खरं बळही तिथंच आहे. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) पासून ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) पर्यंतच्या तीन प्रकाशनांत ते हळूहळू सापडत गेलं. २०१० मध्येच ब्रिटनच्या कँडललाइट कंपनीनं त्यांना हात दिला, नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात ते वाजले आणि ‘मेटल हॅमर’ मासिकाचा ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. तरीही कल्पनाविश्व तोवर उसनंच होतं.

२०१७ चा ‘दशावतार’ म्हणूनच महत्त्वाचा. दहा अवतारांची दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. सतरा वर्षांनी बँड आपल्या अंगणात आला. मी हा अल्बम पुन्हापुन्हा ऐकलाय आणि दर वेळी सिंधुदुर्गातल्या जत्रेतला दशावतार आठवतो. तिथं वाद्यं मोजून तीन: पेटी, पखवाज, झांज. पण राक्षस आला की पखवाज वेगळा बोलतो, देव आला की पेटी वेगळी. नटाचा गळाही पात्राबरोबर पालटतो. माखिजांच्या अल्बममध्ये अवतार बदलला तरी गळा बराचसा तोच राहतो, आणि नरसिंहाला शोभलेली गुरगुर बुद्धाला तितकी शोभत नाही. उणीव दाखवतोय ती आपुलकीनं. इथवर आलेला दुसरा बँड मला माहीत नाही.

टिपेच्या गळ्याची वाट मुंबईच्या अल्बाट्रॉसनं धरली. बिप्रोर्षी दास यांचा आवाज वर चढतो आणि भयकथा सांगतो. ‘फिअर फ्रॉम द स्काइज’ (२०१५) त्यासाठी ऐकावा. असे बँड हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बाकी बहुतेकांनी गुरगुरच निवडली. मला त्याचं कारण भाषेत दिसतं. गुरगुरीत उच्चार झाकला जातो. इंग्रजी शब्द टिपेला नेऊन स्वच्छ गायचा तर प्रत्येक स्वर उघडा पडतो. परक्या भाषेत ते धाडस थोड्यांनाच होतं. २००३ मधल्या भयानक मौत या बँडनं नाव देशी घेतलं, तरी गाणी इंग्रजीतच लिहिली.

काहींनी मात्र घरचंच घेतलं. स्पेनच्या मागो दे ओझनं १९९८ मध्ये डॉन किहोटेवर अल्बम केला तो स्पॅनिशमध्ये. ब्राझीलच्या अंग्रानं ‘होली लँड’ (१९९६) मध्ये शब्द इंग्रजी ठेवले, पण ठेका आपल्या मातीचा घेतला. दिल्लीचा ब्लडीवुड हिंदी-पंजाबी आणि ढोल घेऊन वाकेन महोत्सवापर्यंत पोचला. मराठीत अभंग रिपोस्टनं तुकोबांचे अभंग गिटारवर आणले आणि तरुण पोरं ते पाठ म्हणतात. म्हणजे श्रोता आहे. शब्दही आहे. मराठी पॉवर मेटल उभं राहील ते पोवाड्याच्या फडात गळा तापलेल्या गायकाकडून, असं मला मनापासून वाटतं.

त्याला आधी खोली लागेल. गच्चीवरच्या त्या खोलीत साडेआठला वाजवणं थांबतं, कारण अंड्यांच्या ट्रेनं खोलीतला घुमारा मोडतो, बाहेर जाणारा आवाज अडत नाही. खाली म्हातारी माणसं आहेत, दहावीची मुलगी आहे. त्यांची तक्रार रास्तच आहे. रंगभवनही अखेर शांतता क्षेत्राच्या नियमानं बंद पडलं. पाच माणसांना आठवड्यातून दोनदा तीन तास मोकळेपणानं वाजवता आलं नाही, तर बँड दोन वर्षांत मोडतो. दापोडीतल्या या पोरांचे दोन गिटारवादक असेच गळाले.

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. शेकडो गाळे त्या दिवशी बंद असतात आणि यंत्रांच्या आवाजासाठीच ते बांधलेले आहेत. गाळामालकांनो, तुमच्यापैकी कुणाला शक्य असेल तर गुरुवारची एक संध्याकाळ या मुलांना द्या. वीज आणि झाडलोट ती सांभाळतील.