नाच आणि काच

१८९८ साली न्यूयॉर्क शहरात आयर्न टेल नावाच्या एका लाकोटा गृहस्थाने स्वतःचे छायाचित्र फाडून टाकले. ते छायाचित्र त्या काळातल्या अमेरिकेतील एका फार मोठ्या कलावंतिणीने काढलेले होते, आणि माझ्या मते उत्तम होते. एका फाडलेल्या कागदाची ही गोष्ट गेली कित्येक वर्षे माझ्या मनात घर करून बसली आहे. आज ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

लाकोटा म्हणजे आपण लहानपणी ज्यांना ‘सू इंडियन’ म्हणून ओळखले त्यांतलेच लोक. अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांत घोड्यावरून बायसनची शिकार करणारे. त्या वर्षी त्यांच्यातले काही जण ‘बफेलो बिल’ याच्या प्रसिद्ध खेळात नोकरीला होते. खेळाची मिरवणूक फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालली असताना गर्ट्रूड केसेबिअर या बाईंनी आपल्या स्टुडिओतून ती पाहिली. बाईंचे लहानपण पश्चिमेच्या मुलखात गेले होते. जुनी ओळख जागी झाली. त्यांनी बफेलो बिलला पत्र लिहिले आणि लाकोटा मंडळी स्टुडिओत आली. नाचाच्या आणि मिरवणुकीच्या साजात, पिसांचे टोप, मण्यांचे काम, सगळे लेवून आली.

बाईंना तो साज नको होता. त्यांना माणूस हवा होता. आयर्न टेलच्या अंगावरची पिसे आणि दागिने त्यांनी उतरवून ठेवायला लावले आणि नुसता चेहरा टिपला. काही दिवसांनी प्रत हातात पडताच त्याने ती फाडली. म्हणाला, फार काळी आली आहे. मग बाईंनी त्याला पिसांच्या पूर्ण टोपात बसवून दुसरे चित्र काढले, तेव्हा तो संतुष्ट झाला. १९०१ साली एका अमेरिकन मासिकात ही हकीकत छापून आली.

मी ती प्रथम वाचली तेव्हा अर्थातच बाईंच्या बाजूचा होतो. झगमगाट बाजूला सारून मुद्रेवरचा एकटेपणा पकडणे यालाच आपण कला म्हणतो, असे मला शिकवलेले होते. केसेबिअरबाईंची ती चित्रे आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांतला मऊ करडा प्रकाश पाहून कोणाही रसिकाची मान डोलेल. आयर्न टेलला त्यातले काय कळणार, असे मी तेव्हा मनात म्हटले होते. हे वाक्य आज लिहिताना लाज वाटते.

माझे मत फिरायला दोन गोष्टी कारण झाल्या. एक पुस्तकी आहे, ती आधी सांगतो.

१८८३ साली अमेरिकन सरकारने राखीव वसाहतींसाठी नियम केले. लाकोटांचा सर्वांत पवित्र विधी म्हणजे सूर्याकडे पाहत केलेला नाच. मध्यभागी झाडाचा खांब रोवून, अन्नपाणी वर्ज्य करून, चार दिवस चालणारा. या नियमांनी तो गुन्हा ठरला. पहिल्यांदा सापडला तर शिधा बंद, पुन्हा सापडला तर कैदसुद्धा. ही बंदी १९३४ पर्यंत राहिली. म्हणजे आपल्या गावी देवासाठी नाचलात तर उपास, आणि न्यूयॉर्कला तिकीट लावून नाचलात तर पगार! कॅमेरा कुठे उभा राहिला असेल ते सांगायला नकोच.

एडिसनच्या कारखान्याने २४ सप्टेंबर १८९४ रोजी न्यू जर्सीतल्या आपल्या चित्रशाळेत बफेलो बिलच्या लाकोटा नर्तकांचे एक चलच्चित्र घेतले. ते जेमतेम अर्ध्या मिनिटाचेही नाही. डांबरी कागदाने मढवलेली खोली, मागे मिट्ट काळोख, आणि त्यापुढे दाटीवाटीने पावले टाकणारी माणसे. त्याला नाव दिले ‘घोस्ट डान्स’, आपण पितरांचा नाच म्हणू. खऱ्या पितरांच्या नाचात स्त्रीपुरुष हातात हात गुंफून रिंगण धरीत, गेलेली माणसे परत यावीत म्हणून. या चित्रात तसे रिंगणच नाही. तो नाच सरकारला बंडासारखा वाटला म्हणून फौज आली होती, आणि २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे अडीचशेहून अधिक लाकोटा मारले गेले होते. त्यांत बायकामुले किती तरी. त्यानंतर चार वर्षेही झाली नव्हती, तोच त्या नावाची करमणूक झाली. मी ते चलच्चित्र अनेकदा पाहिले आहे. त्यातला ताल जिवंत आहे, हे नाकारता येत नाही, आणि त्यामुळेच ते पाहवत नाही.

आता एडवर्ड कर्टिस. या माणसाने १९०७ ते १९३० या काळात वीस खंड आणि दोन हजारांवर चित्रे काढून एक डोंगर उभा केला. लाकोटांवरचा तिसरा खंड १९०८ चा. हातात लांब दांड्याची चिलीम, पायाशी बायसनची कवटी, आकाशाकडे तोंड केलेला वृद्ध. चौकटीची अशी जाण फार थोड्यांना लाभते. पण या खंडातली जी चित्रे माझ्या मनात ठाण मांडून बसली आहेत, त्यांत एकाही माणसाचा पाय जमिनीवरून उचललेला नाही. कर्टिसला लोप पावणारी जमात हवी होती, आणि लोपणारा माणूस नाचत नसतो. दुसऱ्या एका जमातीच्या तंबूतल्या चित्रात दोन माणसांच्या मधोमध एक घड्याळ आले होते. ते त्याने छापण्यापूर्वी पुसून टाकले. केसेबिअरबाईंनी पिसे उतरवली, कर्टिसने घड्याळ. मला दोघांचा हात एकच दिसतो.

दुसरी गोष्ट माझ्या अंगावर बेतलेली. मिनेसोटात असलेल्या मुलीकडे गेलो होतो, तेव्हा जावयांनी मोटारीने दक्षिण डाकोटात एका वाचिपीला नेले. वाचिपी म्हणजे नाच, आणि नाचाचा मेळावाही. मधे एक मोठा ढोल, त्याभोवती बसून एका ठेक्यात टिपऱ्या पाडणारे गायक, आणि रिंगणात आजोबांपासून चार वर्षांच्या पोरीपर्यंत सगळे. हा सर्वांसाठी खुला मेळावा. सूर्याच्या नाचाला कॅमेरा नेता येत नाही. इथे चित्रे घ्यायला मोकळीक होती आणि मी अधाशासारखी घेत होतो. संध्याकाळचे ऊन तिरपे झाले, धूळ सोनेरी झाली, आणि एका नर्तकाच्या साजातून गरुडाचे पीस गळून पडले.

ढोल थांबला. निवेदकाने सांगितले, कॅमेरे खाली. काही वृद्ध माजी सैनिक पुढे आले आणि त्या पिसाभोवती उभे राहिले. तसे चित्र मला जन्मात पुन्हा मिळायचे नव्हते. कॅमेरा माझ्या डोळ्याला लागलेलाच होता. शेजारी उभा असलेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिला, मी तो पिशवीत घालीपर्यंत. मी घातला, पण चडफडत घातला. एका पोराने मला थांबवले याचाच राग अधिक. मग त्या पिसासाठी गाणे झाले, ते उचलले गेले, आणि माझ्या लक्षात आले की शंभरावर माणसांपैकी चित्र हुकल्याचे दुःख एकट्या मला झाले होते.

आयर्न टेलच्या अंगावरून उतरवले होते ते हे. मी त्याला झगमगाट म्हणत होतो. (त्याचा चेहरा पुढे १९१३ च्या पाच सेंटच्या नाण्यासाठी घडवलेल्या मुद्रेत मिसळला गेला. तिथेही टोप नाहीच, वेणी आणि थोडी पिसे.)

आजच्या छायाचित्रकारांत डाना क्लॅक्स्टन ही हुंकपापा लाकोटा घराण्यातली कलावंत मला याचे खरे उत्तर देणारी वाटते. तिच्या एका चित्रमालिकेत मण्यांच्या कामाखाली स्त्रीचा चेहरा अगदी झाकून गेला आहे. साज सगळा आहे, चेहरा दिसत नाही. केसेबिअरबाईंच्या चित्रासमोर ते ठेवून पाहा.

म्हणून कॅमेऱ्याला मी दोषी ठरवून मोकळा झालो असतो, पण एक वही आडवी येते. एमॉस बॅड हार्ट बुल या ओग्लाला लाकोटा माणसाने नेब्रास्कातल्या एका दुकानदाराकडून जमाखर्चाची वही विकत घेतली. या दिवसांत आपण जिला हळदकुंकू वाहतो तसलीच चोपडी. १९१३ साली मरेपर्यंत तिच्यात त्याने चारशेहून अधिक चित्रे काढली: लढाया, शिकारी, आणि नाच, जे बंद होते तेही. लाकोटाने स्वतः पाहिलेला लाकोटांचा नाच. वही बहिणीकडे राहिली. १९२७ साली तिच्या पानांची छायाचित्रे घेतली गेली. १९४७ साली बहीण वारली आणि त्यांच्या रीतीप्रमाणे वही तिच्याबरोबर पुरली गेली. १९६७ साली नेब्रास्का विद्यापीठाने जे पुस्तक छापले, ते त्या छायाचित्रांवरून. कोणी काच लावली नसती तर मला ही रिंगणे दिसली नसती, आणि वही पुरली जाऊ नये असेही मला म्हणवत नाही.

पुस्तकातली बहुतेक पाने काळ्यापांढऱ्यात आहेत. मूळ रंग वहीबरोबर गेले. मुलीने ते ग्रंथालयातून आणून दिले होते. परत करायच्या तारखेपर्यंत मी ते तीनदा पाहिले, आणि प्रत्येक वेळी नाचाची पाने शेवटी ठेवली.