यक्का माउंटन : स्थलांतराच्या गणिताची मर्यादा

भूमिगत भांडारात ठेवलेल्या अणुकचऱ्यातील किरणोत्सारी मूलद्रव्ये भूजलाबरोबर किती दूर जातील, हा प्रश्न केवळ प्रयोगाने सुटणारा नाही. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षे आहे. तेवढा काळ थांबून पाहणे अशक्य असल्याने उत्तर गणिती प्रतिमानाकडे मागितले जाते. या मागणीच्या मर्यादा अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या यक्का माउंटन प्रकल्पात स्पष्ट दिसतात. १९८७ साली अमेरिकी काँग्रेसने सविस्तर अभ्यासासाठी हे एकच स्थळ ठरवले होते.

वहन, विसरण आणि क्षय यांचे समीकरण फारसे वादग्रस्त नाही. वादाचे मूळ ‘वितरण गुणांका’त आहे. मूलद्रव्याचा किती अंश खडकाला चिकटतो व किती पाण्यात राहतो, याचे हे गुणोत्तर होय. ते बहुधा कुटलेला खडक पाण्यात ढवळून मोजतात. भेगाळ खडकात मात्र पाणी भेगांमधून धावते आणि खडकाच्या फार थोड्या पृष्ठभागाला स्पर्श करते. प्लुटोनियमचा गुणांक मोठा असल्याने ते जवळजवळ जागीच राहील, असे मानले जाई. १९९९ साली केर्स्टिंग व सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनी या गृहीतकाला धक्का दिला. नेवाडा चाचणीक्षेत्रातील भूजलात आढळलेले प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूर १९६८ साली झालेल्या ‘बेनहॅम’ स्फोटातील असल्याचे समस्थानिकांच्या प्रमाणावरून दिसून आले. ते मुख्यतः विरघळलेले नव्हते. चिकणमाती, झिओलाइट यांसारख्या खनिजांच्या कलिलकणांना चिकटून आले होते. प्रमाण अत्यल्प होते, आणि अणुस्फोट म्हणजे भांडार नव्हे हा आक्षेपही रास्त आहे. तथापि चूक गुणांकाच्या मूल्यात नव्हती. वहनाचा एक मार्गच त्या गुणांकाच्या कल्पनेत बसत नव्हता.

पाण्याच्या वेगाबाबतही असेच घडले. पॅसिफिकमधील अणुचाचण्यांतून निर्माण झालेल्या क्लोरीन-३६ च्या खुणा पर्वताच्या बोगद्यात आढळल्याचे १९९० च्या दशकात नोंदले गेले. याचा अर्थ काही पाणी पन्नास वर्षांच्या आत तेथवर उतरले असावे. पुढील पडताळणीत या निरीक्षणांना एकमुखी दुजोरा मिळाला नाही. वाद मिटला असे म्हणता येत नाही.

अनिश्चिततेवर प्रतिमानकारांचा उपाय म्हणजे प्राचलांची मूल्ये बदलून शेकडो वेळा गणन करणे. यातून आकड्यांची अनिश्चितता मोजली जाते, संकल्पनेची नव्हे. जो मार्ग समीकरणात नाही, तो हजाराव्या गणनातही उमटत नाही. भूशास्त्रीय प्रणाली खुल्या असल्याने त्यांच्या प्रतिमानांची सत्यता सिद्ध करता येत नाही, असे ओरेस्केस व सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले होते. नियामकांची भाषा मात्र निश्चिततेची राहिली. केवळ १०,००० वर्षांपुरता मर्यादित निकष न्यायालयाने २००४ साली रद्द ठरवला. त्यानंतर २००८ मध्ये १०,००० वर्षांपर्यंत वर्षाला १५ मिलिरेम व पुढे दहा लाख वर्षांपर्यंत १०० मिलिरेम अशी मर्यादा ठरली. मुदत शंभरपट वाढली. तिला पुरेल असा पुरावा त्या प्रमाणात वाढला नाही.

फिनलंड व स्वीडनने संपृक्त स्फटिकी खडक, तांब्याचे पात्र आणि बेंटोनाइट मातीचा वेढा स्वीकारला आहे. घट्ट दाबलेले बेंटोनाइट कलिलकण रोखते. परंतु हिमनदीचे विरळ क्षारांचे पाणी भेगांतून खोल उतरल्यास त्याच बेंटोनाइटची झीज होऊन नवे कलिलकण निर्माण होऊ शकतात, हा तेथील सुरक्षा-मूल्यांकनातला स्वतंत्र अभ्यासविषय आहे.