जाणाऱ्या कार्यक्रमांची वर्दी

ग्रंथाचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें. दोन ओळींच्या सूचनेचें परीक्षण करावें, असें कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि जळगांव-धुळ्याकडील अनेक कुटुंबांची रात्रीची करमणूक आज ज्या ओटीटी सेवांवर चालते, त्या सेवा ग्राहकाशीं बोलतात त्या अशा सूचनांतूनच. म्हणून त्यांकडे एकदां वाचकाच्या दृष्टीनें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं.

या सूचनांचा मुख्य दोष असा कीं, त्यांना येणाऱ्याचें कौतुक ठाऊक आहे, जाणाऱ्याचा निरोप ठाऊक नाहीं. नवा कार्यक्रम यावयाचा असला कीं, कितीतरी दिवस आधीं चौघडा वाजूं लागतो. जुना मात्र रातोरात बिऱ्हाड हलवावें तसा जातो. आमच्या परिचयाच्या जळगांवच्या एका घरीं आजीबाई एक मालिका रोज एक भाग याप्रमाणें पाहत होत्या. शेवटचे चार भाग उरले असतां एके संध्याकाळीं ती यादींतून नाहींशी झाली. "माझ्या हातून कांहीं भलतेंच दाबलें गेलें का रे?" असें त्या नातवाला पुनःपुन्हा विचारीत राहिल्या. न सांगणारा कोण, आणि अपराधी कोणाला वाटलें!

कार्यक्रम जाऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. सेवेजवळ पुष्कळ कार्यक्रमांची मालकी नसते, मुदतीचा परवाना असतो. मुदत सरली आणि करार पुढें चालला नाहीं, कीं कार्यक्रम काढावा लागतो. परंतु याच कारणानें मौन अधिक दोषास्पद ठरतें. कारण मुदतीची तारीख सेवेला आधींच ठाऊक असते.

मार्च २०२३ मध्यें डिस्ने प्लस हॉटस्टारनें ट्विटरवर कळविलें कीं, ३१ मार्चपासून एचबीओचे कार्यक्रम मिळणार नाहींत. तारीख स्पष्ट दिली, हा गुण मान्य केला पाहिजे. पण त्याच दमांत, आपल्याजवळ दहा भाषांतील एक लाख तासांहून अधिक कार्यक्रम आहेतच, असेंही ऐकविलें. अर्धी वाचलेली कादंबरी हातांतून काढून घ्यावी आणि भरलेल्या कपाटाकडे बोट दाखवावें, तसें हें सांत्वन! पुढें त्याच वर्षीं मे महिन्यांत ते कार्यक्रम जिओसिनेमाकडे गेले. आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं या दोन्ही सेवा एक होऊन जिओहॉटस्टार झाली. नेटफ्लिक्स लवकरच जाणाऱ्या कार्यक्रमाच्या तपशिलांत पाहण्याचा अखेरचा दिवस देते. ही चाल चांगली. परंतु तपशील उघडणाऱ्यालाच ती तारीख दिसणार.

आमची मागणी थोडी आहे. अर्धवट पाहिलेला कार्यक्रम जाणार असेल, तर महिनाभर आधीं, पहिल्याच पडद्यावर, मराठी ग्राहकाला मराठींत तसें सांगावें. आणि गेल्यावरही त्याचें नांव शेऱ्यासह यादींत राहूं द्यावें. वाचनालयांतून पुस्तक बाद झालें तरी दाखल-नोंदवहींतील त्याची ओळ खोडून टाकीत नाहींत. ज्या धुळ्यांत राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुन्या कागदांची निगा राखीत आलें, त्या खानदेशांतील रसिकाला ही अपेक्षा अवास्तव वाटणार नाहीं. वस्तु जाते, ती होती, एवढी साक्ष तरी मागें उरावी.