आमचा ब्लूजवाला बिघडला!

ऑक्टोबर १९५८ मध्ये शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स पहिल्यांदा इंग्लंडला गेला. सोबत पियानोवर ओटिस स्पॅन आणि गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. तिथल्या रसिकांनी तोवर ब्लूज ऐकला होता तो मुख्यतः बिग बिल ब्रून्झीकडून. एकटा माणूस, लाकडी गिटार, मिसिसिपीच्या शेताशिवारातल्या गोष्टी. ब्रून्झी दोनच महिन्यांपूर्वी वारला होता आणि त्याच्या जागी आता त्याच मातीतला दुसरा माणूस येणार, अशा समजुतीने मंडळी जमली. मडीने अ‍ॅम्प्लिफायर चढवला आणि लोक चमकले. गिटार किंचाळते, अशी तक्रार छापून आली. मडीला यातलं काहीच कळेना. शिकागोच्या साउथ साइडवरच्या बारमध्ये दहा-बारा वर्षं तो हेच तर वाजवत होता!

काही वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हा शहाणा होऊन आला. या खेपेला हातात साधी, बिनविजेची गिटार. पण मधल्या काळात इंग्लिश पोरांनी स्वतःच्याच गिटारी विजेला जोडल्या होत्या आणि त्यांना ती किंचाळणारी गिटार हवी होती. पुन्हा नाराजी.

ब्लूजच्या चाहत्यांमधलं भांडण समजून घ्यायचं तर ही एक हकिगत पुरेशी आहे, असं मला वाटतं. गिटारवादकाने वळण बदललं की चाहत्यांत उभी फूट पडते. एक गट म्हणतो, विकला गेला. दुसरा म्हणतो, कलावंत आहे, वाढणारच. दोघंही असं गृहीत धरतात की मूळ वळण कुठलं हे ठरलेलं आहे. प्रत्यक्षात श्रोता ज्या वर्षी, ज्या तबकडीतून कलावंताला भेटला, ते वळण त्याच्यापुरतं ‘मूळ’. मडीच्या बाबतीत तर इंग्लंडला पोचेपर्यंत दोन मुळं होऊन गेली होती. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्सने लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा तो क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर काम करणारा, साधी गिटार वाजवणारा शेतमजूर होता. १९४३ मध्ये तो शिकागोला आला आणि शहराच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून त्याने विजेची गिटार धरली. ही क्रांती वगैरे नव्हती. बारमधल्या गिऱ्हाइकांच्या कलकलाटावर काढलेला तो तोडगा होता.

आणि ब्रून्झी? ज्याच्या साधेपणावर युरोप लुब्ध होता, तो तिसाच्या दशकात शिकागोत पियानो आणि ड्रमच्या साथीने चांगला शहरी, नाचता येईल असा ब्लूज वाजवत होता. १९३८ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या ‘फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग’ या मैफलीत रॉबर्ट जॉन्सनला आणायचं होतं. तो वारल्याचं कळलं म्हणून ब्रून्झीला बोलावलं आणि शेतावरून थेट आलेला माणूस म्हणून लोकांपुढे उभं केलं. १९५० नंतर युरोपात त्याने हीच भूमिका निष्ठेने निभावली. म्हणजे श्रोत्यांनी ज्याला अस्सल मानलं, तेच त्याने श्रोत्यांसाठी केलेलं शैलीपरिवर्तन होतं. ते मागच्या दिशेला होतं, एवढंच. मागे जाणाऱ्याला कुणी ‘बिघडला’ म्हणत नाही, ही यातली गंमत.

मडीचं सगळ्यात बदनाम परिवर्तन १९६८ चं. शिकागोतला त्याचा जुना कृष्णवर्णीय श्रोता तोवर सोल संगीताकडे वळला होता आणि ब्लूज त्याला आईबापांचं, गावाकडचं, नको त्या दिवसांची आठवण करून देणारं वाटू लागलं होतं. मडीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या चेस कंपनीच्या मालकाचा मुलगा मार्शल चेस तेव्हा पंचविशीत होता. त्याने ‘कॅडेट कॉन्सेप्ट’ हे नवं लेबल काढलं होतं आणि हिप्पी पोरांना मडी विकायचा त्याने घाट घातला. पीट कोसी, फिल अपचर्च असे शिकागोचे तरबेज वादक, चार्ल्स स्टेपनीसारखा संयोजक, वा-वा पेडल, फझ, आणि वर रोलिंग स्टोन्सचं एक गाणं मडीच्या तोंडी. (ज्या पोरांनी आपल्या बँडचं नावच मडीच्या गाण्यावरून घेतलं, त्यांचं गाणं आता त्याने गायचं!) ‘इलेक्ट्रिक मड’ हा अल्बम सुरुवातीला खपला, बिलबोर्डच्या यादीत १२७ व्या क्रमांकापर्यंत गेला. समीक्षकांनी मात्र त्याची सालटी काढली. खुद्द मडीलाही तो पुढे नकोसा झाला. त्याची तक्रार व्यवहारी होती: जी रेकॉर्ड स्वतःच्या बँडला घेऊन मंचावर वाजवता येत नाही, ती काढायचीच कशाला?

पुढे वारं फिरलं. कोसी सत्तरच्या दशकात माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेला. हिप-हॉपवाल्यांच्या पिढीला ‘इलेक्ट्रिक मड’मध्ये सोनं सापडलं. पब्लिक एनिमीचा चक डी याच अल्बममधून मडीकडे आला आणि २००३ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीच्या ब्लूजवरच्या माहितीपट-मालिकेत ते जुने वादक त्याच्यासह पुन्हा एकत्र बसले. आज हा अल्बम काळाच्या पुढचा होता असं म्हणायची फॅशन आहे.

मी दोन्ही बाजूंना नाही. ‘इलेक्ट्रिक मड’ ऐकायला मजा येते. कोसीची गिटार अंगावर येते, ढोल जबरदस्त आहेत. पण यात मडी गिटार वाजवतच नाही. तो फक्त गातो. ब्लूजमध्ये गिटार ही गळ्याला दिलेली साथ नसते, तो जबाब असतो. गाणारा एक ओळ टाकतो, श्वास घेतो आणि त्या रिकाम्या जागेत तार ओढून, सूर चढवत नेऊन गिटार उत्तर देते. मडीचा स्लाइड म्हणजे काचेची किंवा धातूची नळी तारेवरून घसरवत काढलेली, मींडेच्या जातीची ती हाक. ती आणि त्याचा गळा हे एकाच माणसाचे दोन आवाज होते. या अल्बममध्ये प्रश्न मडीचा आणि उत्तर भलत्याचंच. शैली बदलली म्हणून रागावलेले चाहते चुकीच्या कारणासाठी बरोबर होते. त्याने काही बदललंच नव्हतं, तो आपल्याच घरी पाहुणा म्हणून आला होता.

त्याच्या आधी चारच वर्षं, मडीचा १९६४ चा ‘फोक सिंगर’ बघा. तोही कंपनीच्याच डोक्यातून निघालेला, लोकसंगीताच्या लाटेवर स्वार व्हायला काढलेला. विजेची गिटार बाजूला, साथीला तरुण बडी गाय आणि बासवर विली डिक्सन. हेतू तितकाच बाजारू. पण त्यात मडी स्वतः वाजवतो आणि खोलीतली शांतता ऐकू येते. याला कुणीही नाव ठेवलं नाही, ठेवायला जागाही नाही. म्हणजे ‘कंपनीने करायला लावलं’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

‘इलेक्ट्रिक मड’चाच प्रयोग चेसच्या दुसऱ्या ब्लूज गायकावर, हाउलिंग वुल्फवर, १९६९ मध्ये झाला आणि चेसवाल्यांनी कमाल केली. हा वुल्फचा नवा अल्बम आहे आणि त्याला तो आवडलेला नाही, असं त्यांनी मुखपृष्ठावरच मोठ्या अक्षरांत छापलं! कलावंताची नाराजी विकायची ही युक्ती चालली नाही.

बी. बी. किंगची गोष्ट वेगळी. साठच्या दशकाच्या आरंभी तरुण कृष्णवर्णीय श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली होती, कारण तो बदलत नव्हता. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात लांब केसांच्या गोऱ्या पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग १९६९ मध्ये ‘द थ्रिल इज गॉन’. त्यात व्हायोलिनांचा ताफा आहे, रात्रीसारखा काळोखा मायनर सूर आहे. कर्मठांनी व्हायोलिनांवर नाकं मुरडली. पण त्याची गिटार नेहमीसारखीच मोजकी बोलते. एक सूर, त्यावर थरथर, मग मौन. भोवतालची सगळी आरास बदलूनही जबाब देणारा तोच राहिला.

माझ्या पिढीतल्या अनेक मराठी श्रोत्यांना ब्लूज भेटला तो या कुणाकडूनच नाही. तो भेटला बेलफास्टच्या गॅरी मूरकडून. ‘स्टिल गॉट द ब्लूज’ची कॅसेट काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणायची आणि मित्रांत फिरवायची. आम्हाला हे ठाऊक नव्हतं की ही कॅसेट म्हणजेच एक पक्षांतर आहे. मूर थिन लिझीत वाजवलेला, ऐंशीच्या दशकात हार्ड रॉकमध्ये नाव कमावलेला. १९८९ मध्ये त्याचा ‘आफ्टर द वॉर’ आला, १९९० मध्ये एकदम ब्लूज, तोही अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स यांना सोबत घेऊन. रॉकवाले म्हणाले, म्हातारा झाला. ब्लूजवाले म्हणाले, फार मोठ्याने वाजवतो, फार सूर कोंबतो. खप मात्र त्याच्या आयुष्यातला सर्वाधिक. मग ब्लूजवाल्यांनी त्याला आपला मानलं आणि तो ‘आपला’ झाला, हीच पुढे अडचण ठरली. १९९५ मध्ये पीटर ग्रीनच्या जुन्या लेस पॉल गिटारवर त्याच ग्रीनची गाणी वाजवेपर्यंत सगळं गोडीगुलाबीत होतं. १९९७ च्या ‘डार्क डेज इन पॅरडाइज’मध्ये आणि विशेषतः १९९९ च्या ‘अ डिफरंट बीट’मध्ये त्याने यंत्राचे ठेके आणले, डान्स क्लबमधले. श्रोत्यांनी पाठ फिरवली. २००१ च्या अल्बमचं नाव त्याने ठेवलं ‘बॅक टू द ब्लूज’. शाळा बुडवलेल्या पोराने आणलेल्या चिठ्ठीसारखं ते नाव मला आजही वाटतं.

‘अ डिफरंट बीट’ हा फसलेला अल्बम आहे, हे मान्य. ठेका एका खोलीत आणि गिटार दुसऱ्या. पण ते अपयश त्याचं स्वतःचं होतं, स्वतःच्या नावावर घेतलेलं. एरिक क्लॅप्टनने १९९७ मध्ये अशाच इलेक्ट्रॉनिक धर्तीचा अल्बम केला, तो ‘टीडीएफ’ नावाच्या बँडच्या आडून, ‘एक्स-सॅम्पल’ हे टोपणनाव लावून. एवढा मोठा वादक आपल्याच चाहत्यांना भ्यायला होता की त्याने गंमत केली, कोण जाणे. पण क्लॅप्टनला चाहत्यांचा सोवळेपणा नवा नव्हता, कारण तो स्वतः सोवळ्यांचा शिरोमणी. १९६५ मध्ये यार्डबर्ड्सने हार्प्सिकॉर्ड घालून ‘फॉर युअर लव्ह’ हे पॉप गाणं काढलं म्हणून एकोणीस वर्षांच्या क्लॅप्टनने बँड सोडला. बँड सोडणारा हा पोरगा १९८६ मध्ये फिल कॉलिन्सच्या निर्मितीत ‘ऑगस्ट’ काढतो, गुळगुळीत, चकाकीत बुडवलेला, त्यात गिटार म्हणजे भिंतीवरचं शोभेचं हत्यार. चाहते चिडले ते योग्यच. १९९४ मध्ये त्याने ‘फ्रॉम द क्रेडल’ हा निव्वळ जुन्या ब्लूजचा अल्बम करून प्रायश्चित्त घेतलं. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. सगळे खूश झाले. मला मात्र तो आज्ञाधारक वाटतो. प्रत्येक गाण्यात ज्याचं गाणं त्याच्यासारखं गाण्याचा अट्टहास आहे, चाहत्यांना हवं ते अचूक मापात आहे आणि क्लॅप्टन कमी आहे.

आजच्या घडीला हे भांडण सगळ्यात जास्त कुणावर चालतं? ऑस्टिनच्या गॅरी क्लार्क ज्युनियरवर. पोरवयात अँटोन्स क्लबमध्ये वाजवलेला, २०१० च्या क्रॉसरोड्स महोत्सवानंतर ‘ब्लूजचा तारणहार’ म्हणून डोक्यावर घेतलेला. २०१२ च्या ‘ब्लॅक अँड ब्लू’मध्ये त्याने आर अँड बी आणि हिप-हॉप मिसळलं आणि कुरबूर सुरू झाली. २०२४ च्या ‘जेपेग रॉ’मध्ये स्टीव्ही वंडर आहे, जॉर्ज क्लिंटन आहे, ट्वेल्व्ह-बार ब्लूजच्या नेहमीच्या ठशातलं फारसं काही नाही. तारणहार म्हणवून घेण्याची मागणी त्याने केली नव्हती. गोऱ्या, प्रौढ, गिटारवेड्या श्रोत्यांनी एका कृष्णवर्णीय तरुणाला सांगायचं की तू तुझ्या वयाच्या कृष्णवर्णीयांचं संगीत आणू नकोस, तू आमचा १९६० चा शिकागो सांभाळ, हे ब्रून्झीच्या वेळी होतं तसंच आज आहे. ‘जेपेग रॉ’ला चाहत्यांनी लावलेला बोल मला म्हणूनच पटत नाही. गिटार त्यात कमी आहे, पण जिथे आहे तिथे जबाब देते.

ग्रॅमीवाल्यांनाही हे कोडं सुटत नाही. पारंपरिक आणि समकालीन ब्लूज अशी दोन पारितोषिकं होती. २०१२ मध्ये ती एक केली, २०१७ मध्ये पुन्हा दोन. त्यानंतर मडीच्या क्लार्क्सडेलचाच, १९९९ मध्ये जन्मलेला क्रिस्टोन ‘किंगफिश’ इंग्रॅम २०२२ मध्ये ‘६६२’ साठी समकालीन ब्लूजचं पारितोषिक घेऊन गेला. पण त्याची गिटार क्लार्कपेक्षा कितीतरी परंपरेला धरून आहे.

आपल्याकडे वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला. ‘फोक सिंगर’मधला तो तरुण बडी गाय सत्तरी ओलांडून तिथे येऊन गेला. तिथे गर्दी करणाऱ्या आपणा बहुतेकांचा ब्लूज मूर आणि क्लॅप्टनच्या वाटेने आलेला. आपण कुठल्या तोंडाने कुणाला बाटगा म्हणणार?

तेव्हा एक करा. एखाद्या संध्याकाळी ‘फोक सिंगर’ आणि ‘इलेक्ट्रिक मड’ पाठोपाठ ऐका. कुठला जुना, कुठला नवा ते विसरा. मडीने ओळ टाकल्यावर त्याला उत्तर कोण देतं, एवढंच ऐका.